कागदाला विचारा

“बरं, ठेवते आता. सत्तर पानांच्या शेवटच्या ओळी उठवायच्या पडल्यात,” असे म्हणून ताईने फोन ठेवला, आणि त्याची बोटे कळफलकावर जिथल्या तिथे थबकली. वाक्य साधेच होते. आईचा नवा चष्मा, त्याचे सुटत चाललेले पोट आणि तीन आठवड्यांत त्याच्याकडून न आलेला फोन, या तिन्ही विषयांवर दहा मिनिटे त्याची झडती घेऊन झाल्यावर, दारातून निघताना पाहुण्याने सहज काही बोलावे तसे ते पडले होते. ताई ब्रेलच्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. अकराव्या वर्षी दृष्टी गेल्यापासून ती बोटांनी वाचत आली होती, आणि गेली चोवीस वर्षे त्याच बोटांनी जगाच्या चुका पकडून पोट भरत होती. तिच्या कामातला शब्द न् शब्द आपल्याला ठाऊक आहे, असे तो समजत असे. ‘ओळी उठवणे’ हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने पुन्हा फोन लावला.

“उठवायच्या म्हणजे काय?”

“म्हणजे उठवायच्या. पानाची शेवटची ओळ पुसट येते ना. ठिपके नीट वर येतच नाहीत. मग मी पान पालथं घालते, पाटीत बसवते आणि स्टायलसने मागून एकेक ठिपका दाबते. का रे?”

“प्रत्येक पानाची?”

“नाही, हौस आली की.”

“ताई, कधीपासून?”

“हे बघा वकीलसाहेब, उलटतपासणी रविवारी घ्या. यंत्र म्हातारं झालंय, एवढंच. तूसुद्धा होशील. ठेव, मिस्त्री हाक मारतोय.”

समोरच्या पडद्यावर सकाळपासून तांबड्या अक्षरांत एकच तक्रार उभी होती: ठिगळ बसत नाही. इतर सगळे त्याला ‘पॅच’ म्हणत. तो हट्टाने ठिगळ म्हणे, कारण जुन्या, घोटीव गद्यावर वाढलेल्या त्याच्या कानाला दुसऱ्याच्या वस्त्राला लावलेल्या तुकड्याचे खरे नाव तेच वाटत असे. जगभरचे हजारो स्वयंसेवक मिळून लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचे जे एक वितरण चालवीत, त्यातली अकरा पॅकेजे, म्हणजे बांधून दिलेले प्रोग्रॅम, गेल्या तेरा वर्षांत एकेक करून त्याच्याकडे आली होती. मूळ कर्त्याने खुला केलेला सोर्स कोड घ्यायचा, तो वितरणाच्या नियमांत बसवायचा, परवान्याचे कलम न् कलम तपासायचे, आणि मूळ कोड जिथे आडमुठेपणा करील तिथे आपले ठिगळ लावून, सगळे बांधून, गाठ मारून पुढे द्यायचे. नोकरी निराळी होती, ती पोटासाठी. हे काम त्याला एखाद्या प्राचीन पोथीचा शुद्ध पाठ सिद्ध करणाऱ्या संपादकाच्या तोलाचे वाटे, आणि त्या संपादकाचा अहंकारही त्याने कामाबरोबरच उचलला होता. आज संध्याकाळी सहाला वितरणाच्या पुढल्या आवृत्तीचे दार बंद व्हायचे होते. ब्रेलच्या यंत्राला अक्षरे पोचवणारे पॅकेज जुन्या रूपात, कोडचा चालता प्रोग्रॅम करणाऱ्या नव्या कंपायलरखाली तयार होत नव्हते. मूळ कर्त्याचा नवा कोड सहाच्या आत बांधून दिला, तरच ते यादीत राहणार होते. नाही दिला, तर पुढच्या खेपेला छापखान्याचा संगणक अद्ययावत होताच ताईचे यंत्र मुके झाले असते. त्या यंत्राच्या कारखान्याने त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडले होते आणि दुसरा आधार नव्हता. सगळे सिद्ध होते. अडले होते ते त्याच्या एका ठिगळापाशी. मूळ कर्त्याने ती फाईल नव्याने लिहिल्यामुळे नऊ वर्षांचे ते ठिगळ कुठे चिकटवावे, हेच सापडत नव्हते.

आणि ते ठिगळ काय होते? पानाची शेवटची ओळ यंत्राकडे गेली की मूळ कोड अर्धा सेकंद थांबे आणि मग पान पुढे ढकलण्याची आज्ञा देई. ठिगळ तो अर्धा सेकंद काढून टाकी. बस्स, एवढेच. नऊ वर्षांपूर्वी त्याने पॅकेज हाती घेतले ते ताईसाठीच. घरात अजूनही पाहुण्यांना ती कथा सांगितली जाई की धाकट्याने थोरलीचे यंत्र कसे वाचवले. आणि कथा सुरू झाली की तो नम्रपणे खिडकीबाहेर बघत असे. त्या पहिल्या दिवसांत त्याने कोड ओळ न् ओळ वाचला होता आणि हा थांबा त्याच्या डोळ्यांत खुपला होता. शेजारी खुलासा नाही, कारण नाही, नुसते ‘थांब’. सुंदर वाक्यात कुणी विनाकारण स्वल्पविराम टाकावा तसा. त्याने मूळ कर्त्याला सविस्तर पत्र लिहिले: तीन परिच्छेद, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निष्कर्ष. मूळ कर्ता कुठल्याशा दूरच्या गावी राहणारा, निवृत्त झालेला यंत्रदुरुस्तीवाला होता आणि त्याची उत्तरे तारेसारखी असत. उत्तर आले: “कारण आहे. कागदाला विचारा.” हे उत्तर त्याला उद्धट वाटले, आणि त्याहून वाईट म्हणजे अशास्त्रीय. कागदाला काय विचारायचे? प्रमाण कोडमध्ये हवे. मग त्याने ठिगळ आपल्या पॅकेजातच लावले, आणि दरवर्षी नवा कोड आला की मूळ कर्त्याला नव्या युक्तिवादाचे पत्र लिहीत राहिला. नऊ पत्रे झाली. नऊ वेळा तेच चार शब्द आले. सहाव्या वर्षी बायको म्हणाली होती, “दोन शिकलेली माणसं सहा वर्षं भांडतायत, आणि कशावरून, तर अर्ध्या सेकंदावरून. भांडायला लागलेला वेळ त्यातून वजा करता येतो का बघ.”

शेवटची ओळ. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी चादर झटकीत होते; तिचा फटकारा त्याला आधी दिसला आणि आवाज क्षणभराने आला, आणि त्या लहानशा अंतरात त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हातोड्या. यंत्रात प्रत्येक ठिपक्याला एक बारीक हातोडी होती. अक्षर पाठवले म्हणजे ते उमटले असे नव्हे. आज्ञा पोचते आधी, हातोडी पडते नंतर. मधल्या ओळींना मागून येणारी ओळ थोपवून धरते, तेवढ्यात हातोड्यांचे काम उरकते. शेवटच्या ओळीमागे मात्र ओळ नसते. पान ढकलण्याची आज्ञा असते. हातोडी पुरती उतरण्याआधीच कागद तिच्याखालून ओढला जात असेल, तर? तर ठिपका उमटणार नाही. घसटेल. पुसट येईल. “कागदाला विचारा!” तो मोठ्याने म्हणाला. स्वयंपाकघरातून बायकोने विचारले, “कोणाला विचारा?” त्याची कानशिले तापली होती आणि आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आणि हे त्याचे त्यालाच चमत्कारिक वाटले, कारण सापडलेली चूक त्याची स्वतःची होती. पण चूक सापडल्याचा आनंद आंधळा असतो, तो घर बघत नाही, कुणाच्याही उंबऱ्यावर नाचतो. थोड्या वेळाने शरम येईल, हे त्याला दिसत होते, लांबच्या रस्त्यावर ओळखीचा माणूस दिसावा तसे. तोवर काम उरकायला हवे होते.

अनुमानावर तो विसंबणारा नव्हता. प्रयोग हवा, आणि प्रयोग कडक हवा: दोन पॅकेजे, एक ठिगळासह, एक ठिगळाविना, बाकी तिळमात्र फरक नको. नवल असे की सकाळपासून अडून बसलेले ठिगळ आता तासाभरात मुकाट बसले. ते बसावे अशी त्याची इच्छा उरली नव्हती म्हणून असेल. दोन्ही पॅकेजे बांधून त्याने लॅपटॉप पिशवीत टाकला, बायकोने पुढे केलेल्या डब्याकडे पाहून “आल्यावर” म्हटले, आणि “आज तुला झालंय तरी काय, लग्नातसुद्धा इतका खूश नव्हतास,” हे वाक्य जिन्यावर मागे टाकून तो बस गाठायला धावला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, आणि हाताखाली लॅपटॉपची ऊब. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या आणि तो सवयीने त्यांच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजत होता. मोजता मोजता तो सातव्या वर्षात शिरला. ताईची दृष्टी नुकतीच गेली होती, बोटे अजून शिकत होती, आणि घरात तिला वाचून दाखवायचे काम त्याच्याकडे आले होते. तो भरधाव वाचे. वाचनात आपण किती हुशार आहोत, हे दाखवण्याची ती त्याची रीत होती. पानाचा शेवटचा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच तो पान उलटी, आणि त्या सळसळीखाली शब्द बुडून जाई. ताई पाय आपटी. “थांब ना मेल्या! शेवटचं ऐकूच आलं नाही.” “नुसता एक शब्द तर होता.” “तोच पाहिजे होता मला.” मग तिने नियम केला. पान संपले की त्याने गप्प बसायचे. ती शेवटचा शब्द मनात ठेवून घेई, तोंडाचा किंचित चंबू करून, जणू गोळी चघळते आहे, आणि मग म्हणे, “हं. आता उलट.” तो थांबा त्याला असह्य होई. त्याच्या जिभेवर पुढचे वाक्य उभे असे. कितीदा तरी तिच्या ‘हं’च्या आधीच त्याने पान उलटले होते. बसने करकचून ब्रेक लावला. पुढच्या सीटच्या दांडीवर त्याचे कपाळ आपटले. आणि रस्त्यावरच्या त्या ओळखीच्या माणसाने, शरमेने, त्याला अखेर गाठले. नऊ वर्षे. दिवसाला साठ-सत्तर पाने. त्याने गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

छापखाना एका शाळेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या लांब खोलीत होता. आत शाईचा वास नाही. फक्त जाड कागदाचा, लाकडाचा आणि तेलाचा. यंत्र चालू होते आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा त्याचा ताशा वाजत होता. मिस्त्री, म्हणजे गेली वीस वर्षे ते यंत्र चालवणारा गृहस्थ, कानात बोळे घालून उभा होता. ताई टेबलाशी बसली होती. तिच्यापुढे पालथे घातलेले पान होते, पितळी पाटीत घट्ट धरलेले, आणि तिचा उजवा हात उजवीकडून डावीकडे सरकत होता, टक्, टक्, टक्. मागून दाबायचे म्हणजे अक्षरेही उलटी आणि ओळही. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. तो घट्टा त्याने नऊ वर्षांत शंभरदा तरी पाहिला असेल, आणि तो कशाचा हे त्याने कधी विचारले नव्हते.

“पावलं ओळखली मी,” ती मान वर न करता म्हणाली. “इतकी घाई फक्त तुलाच असते. काय, आई बरी आहे ना?”

“आई बरी आहे. ताई, यंत्र जरा मला दे. सहाच्या आत.”

“मिस्त्री, वकीलसाहेब आलेत. यंत्रावर खटला भरणार.”

“भरा, साहेब, भरा,” मिस्त्री बोळे काढत म्हणाला. “शेवटच्या ओळीपायी तीन रोलर बदलले, दोनदा रबर बदललं. पुढच्या खेपेला मलाच बदलायचं चाललं होतं.”

त्याने पहिले पॅकेज, ठिगळासह, छापखान्याच्या संगणकावर बसवले. पान आले. ताईने बोट फिरवले, शेवटच्या ओळीवर थांबून नाक मुरडले. “नेहमीसारखंच.” छान. हेच अपेक्षित होते. मग त्याने दुसरे बसवले, ठिगळाविना. यंत्र कडाडले, पान सरकले, ताईने बोट फिरवले. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“तसंच आहे रे.”

“नीट बघ.”

“नीट बघ म्हणे! बोट आहे ते, भिंग नव्हे. तसंच आहे.”

खोलीतला सगळा उजेड एक पायरी खाली उतरल्यासारखा झाला. पाच वाजायला दहा मिनिटे होती. त्याने पुन्हा छापले, पुन्हा तसेच. म्हणजे अनुमान चूक. म्हणजे नऊ पत्रे बरोबर, कागदाकडे उत्तर नाही, यंत्र म्हातारे, आणि आपण वेडे. या विचारात कुठेतरी सुटकेचा एक पातळ गारवा होता, आणि त्या गारव्याची त्याला किळस आली. त्याने पडद्यावरचे सगळे संदेश मुळापासून पुन्हा वाचायला घेतले, प्रूफ वाचावे तसे, अक्षर न् अक्षर. तिसाव्या ओळीवर तो थांबला. संगणकाने अत्यंत सभ्य भाषेत कळवले होते: ही आवृत्ती आधीच बसवलेली आहे, करण्यासारखे काही नाही. तो हसायला लागला. दोन्ही पॅकेजांत तिळमात्र फरक नको म्हणून त्याने त्यांचा क्रमांकही एकच ठेवला होता! क्रमांक तोच, म्हणजे संगणकाच्या लेखी पॅकेज तेच. दुसरे संगणकाने उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. कुठल्याही नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट, आणि तेरा वर्षे मुरलेला माणूस तिच्यात सापडला होता, केवळ काटेकोरपणापायी.

“वेड लागलं,” मिस्त्री हळूच म्हणाला.

“लहानपणापासून आहे,” ताई म्हणाली. “काय झालं ते सांग तरी.”

त्याने सांगितले. क्रमांक वाढवायला हवा. आणि वितरणाचा नियम असा की पॅकेजाच्या नोंदवहीत नवी नोंद केल्यावाचून क्रमांक वाढत नाही. काय बदलले, का बदलले, हे लिहायचे आणि खाली आपले नाव. ती वही मग जगभर जाते आणि कायम राहते. घरी ती नोंद लिहायची त्याने टाळली होती. प्रयोगाच्या शुद्धतेसाठी, असे स्वतःला सांगितले होते. आता त्याने लिहायला घेतले, आणि बोटे आपोआप जुन्या चालीवर पडली. पूर्वपक्ष आला, उत्तरपक्ष आला. कीबोर्डची टकटक लांबत गेली तशी ताईने खुर्ची जवळ ओढली.

“वाच बघू.”

तो वाचू लागला: “मूळ कोडमधील पृष्ठांतीचा विलंब, ज्याचे प्रयोजन मूळ कर्त्याने कोठेही नोंदविलेले नसल्यामुळे तत्कालीन उपलब्ध पुराव्याच्या आधारे अनावश्यक ठरविण्यात आला होता, तो काही विशिष्ट जुन्या यंत्रांच्या संदर्भात—”

“भाषा झकास आहे,” ताई म्हणाली. “पण यात चूक कोणाची?”

“माझी. ताई, तो अर्धा सेकंद मी काढला होता. नऊ वर्षांपूर्वी. तुझी ओळ यंत्रामुळे पुसट येत नव्हती.”

तिचा हात स्टायलसवर होता. मिस्त्री उगीचच तेलाची बाटली शोधू लागला. “मग तसं लिही की,” ती म्हणाली. “सहा वाजतील.”

त्याने सगळे पुसले. उरली ती नोंद अशी: ‘पानाअखेरचा थांबा परत आणला. काढणे ही माझी चूक होती. कागदाला विचारले.’ क्रमांक एकाने वाढला. लॅपटॉप सात मिनिटे धापा टाकत बांधत राहिला. पॅकेज बसले, या वेळी संगणकाने कुरकुर केली नाही. यंत्र कडाडले, ओळींमागून ओळी, चोवीस, पंचवीस, आणि मग ताशा थांबला. खोलीत एक पोकळी उघडली. अर्धा सेकंद केवढा मोठा असतो! त्यात मिस्त्रीचा श्वास होता आणि बाहेरच्या मैदानावरची एक शीळ होती. मग पान सरकले. ताईने ते दोन्ही हातांनी घेतले. डावे बोट कडेने उतरत शेवटच्या ओळीवर आले, चालत गेले, परत फिरले, पुन्हा चालत गेले. तिच्या तोंडाचा किंचित चंबू झाला.

“काट्यासारखे उभे आहेत,” ती म्हणाली.

पुढचे सगळे त्याने भराभर केले. सही, पाठवणी, वाट पाहणे. सहाला आठ मिनिटे असताना वितरणाकडून स्वीकृतीचा मेल आला, आणि त्याने मिस्त्रीच्या पाठीत अशी थाप मारली की तेलाची बाटली सांडली. मग उभ्याउभ्याच त्याने मूळ कर्त्याला दहावे पत्र लिहिले. ते तीन शब्दांचे होते: “विचारले. तुमचे खरे.”

ताई मात्र गालात हसत होती. “आता तुझं कबूल करून झालंय, तर माझंही ऐक. कधीकधी ओळ इतकी पुसट यायची की लागतच नसे. मग मी अंदाजाने उठवायची.”

“अंदाजाने? मूळ पाठ ताडून न बघता?”

“सुरुवातीला बघायचे. मग अंदाज बरोबर यायला लागला. मग तर... एकदा एका गृहस्थाचं वाक्य संपतच नव्हतं. मी संपवून टाकलं. उरलेले ठिपके नखाने दाबले.”

“ताई!” त्याचा आवाज चिरकला. घोटीव गद्याचा उपासक खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. “कुणाच्या लिहिलेल्यात तू... आणि हे वाचनालयांत गेलं? किती ठिकाणी केलंस?”

“फार नाही. सुधारलीच बरीचशी.”

“मूळ लेखकाला विचारलंस?”

“तू विचारलं होतंस ना? नऊ वेळा? आणि मग ऐकलंस?” ती म्हणाली, आणि इतकी मोठ्याने हसली की मिस्त्रीसुद्धा हसला, आणि मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आले ते त्याने पुसले नाही. इथे ते बघणारा एकटा मिस्त्री, आणि तो फरशीवरचे तेल पुसत होता.

“चला, सत्तर पानं पहिल्यापासून काढू,” ताई म्हणाली. “या खेपेला लेखकाचीच राहू देत.” तिने स्टायलस खणात टाकला, खण लोटला आणि यंत्राच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तळहात लोखंडावर ठेवून. तो शेजारी उभा राहिला. गारा कोसळू लागल्या. ओळी येत गेल्या, त्याच्या तोंडात सवयीने पुढचे वाक्य आले. त्याने ओठ मिटून घेतले. पंचवीस. यंत्र थांबले. तोही थांबला.

“हं,” ताई म्हणाली. “आता उलट.”

आणि पान उलटले.